सत्त्याऐंशी नंबरची डबी

एकवीस वर्षं मी या टेबलावर शौचाच्या नमुन्यांचं रजिस्टर लिहिते आहे. नंबर, नाव, वय, डबी किती वाजता आली, रंग, घट्ट की पातळ, चालू औषधं, शेरा. आठ रकाने. माणूस डबी कशी आणतो यासाठी नववा रकाना पाहिजे होता, पण तो मागायचा कुणाकडं? शाळामास्तर डबी वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोरी बांधतात. बजाजनगरचे कामगार ती जेवणाच्या पिशवीतच आणतात, त्यांना कशाचंच काही वाटत नाही. बायका पदराखाली आणतात आणि टेबलावर ठेवताना भलतीकडं बघतात, जशी काही डबी वाटेत सापडली.

डबी माझ्याकडून आत जाते ती मोतीरामभाऊंकडं. भाऊ पडेगावचे. तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून जंतांची अंडी मोजली. जेवताना भाकरीकडंसुद्धा एक डोळा बारीक करून बघतात, म्हणून मी विचारायची, “काय भाऊ, सापडलं का काही?” ते म्हणायचे, “बाई, तुमच्या भाजीत नेहमीच सापडतं.”

दोन वर्षांपूर्वी आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर संस्कृती आल्या, सोबत एक मशीन आलं आणि नवी तपासणी सुरू झाली. तिची गरज होतीच. अंकुशकृमी नावाचा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. अनवाणी पायातून शिरतो. त्याची अंडी फार नाजूक. नमुना काचेवर पसरला की तासाभरात विरघळून दिसेनाशी होतात. बघणारा चहाला गेला तर रोगी कागदावर बरा होतो. मशीन अंडी शोधत नाही, जंताचा डीएनए शोधतं, आणि त्याला चहा लागत नाही. ठरलं असं की पडेगावच्या बाजूची दोनशे चाळीस माणसं घ्यायची, प्रत्येकाची काच भाऊंनी बघायची, आणि त्याच डबीतला चिमूटभर नमुना नळीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा. मशीनसाठीचं सामान पुढं येणार होतं. सगळे नमुने जमले की ते लावायचे आणि डोळा किती चुकतो ते मोजायचं.

भाऊंना राग नाही आला. म्हणाले, “मोजा की. मलाबी कळंल.”

त्यांनी घरचीही दोन नावं दिली. नातू सम्यक, वय चार, आणि सून सुलेखा, वय सव्वीस. मुलगा आकाश वाळूजला कंपनीत पाळीवर जायचा आणि सुलेखा पडेगावच्या पुढच्या फुलकोबीच्या रानात बायकांबरोबर कामाला. ओल्या वाफ्यात दिवसभर अनवाणी. चार महिन्यांपासून तिचा रंग उतरला होता. जिना चढली की पायरीवर बसायची. रक्त सहावर आलं होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या रोज जेवण झाल्यावर भाऊ स्वतः तिच्या हातावर ठेवायचे, लिंबूपाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहायचे आणि तिनं गिळली की मगच हलायचे. आमच्यात कौतुकानं सांगायचे, “पोरीची जात, विसरती. म्हणून मी उभा ऱ्हातो.”

डबी द्यायला ती सकाळी दहाला आली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. दोन डब्या टेबलावर ठेवल्या आणि खिडकीकडं बघत राहिली.

“ताई, सगळं मामाच बघतात का?”

“तेच बघतात.”

“रामकिसनभाऊ नाय का बघत? ते दुसरे?”

“रामकिसन लासूरला लग्नाला गेलाय. आला की त्याला डुलक्याच येणार. तुझे मामाच बरे.”

ती हसली नाही. म्हणाली, “नाव लिहावंच लागतं का?”

“मग कुणाची म्हणून आत देऊ? सरकारची?”

यावर मात्र हसली. तोंडाला पदर लावून. आणि लगेच निघाली, कारण आतून भाऊंच्या चपलेचा आवाज आला होता.

मी दोन्ही डब्या उघडल्या आणि लिहिलं. शहाऐंशी, सम्यक: पिवळा, घट्ट, औषध नाही, मक्याची सालं. सत्त्याऐंशी, सुलेखा: पिवळा, घट्ट, लोहाच्या गोळ्या, मक्याची सालं. लिहिताना मनात आलं की आईनं नि लेकरानं एकच कणीस खाल्लेलं दिसतंय. मनात दुसरंही आलं. ते मी लिहिलं नाही.

भाऊंनी दोन्ही काचा बघितल्या. अंकुशकृमी नाही, दुसरा कुठलाही जंत नाही. सत्त्याऐंशी नंबरची काच त्यांनी दोन वेळा बघितली असं तेच मला म्हणाले. जंताची गोळी माझ्याच खणात होती, शाळेत पोरांना फुकट वाटतात तीच. पण भाऊंचा नेम होता, बघितल्याशिवाय औषध नाही. त्यात डोळा त्यांचा होता आणि सून त्यांची. गोळी दिली नाही. मग दवाखान्यातले डॉक्टर दुसरीकडं शोधत राहिले. पोटाची सोनोग्राफी झाली, आणखी कसल्या कसल्या तपासण्या झाल्या. दोन महिन्यांनी तिला ताप आला, धाप लागली. दवाखान्यात नेली तेव्हा रक्त चारच्या खाली होतं. बाटली लावली, पण हृदय आधीच थकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. सम्यक दारातल्या चपला जोडीनं लावत बसला होता. एवढ्या चपला त्यानं आधी पाहिल्या नव्हत्या.

कामावर परत आले ते निराळेच भाऊ. काच बघायची, मान वर करायची, आणि रामकिसनला म्हणायचं, “एकदा तू बघ.” प्रत्येक काच. वीस वर्षांनी धाकटा रामकिसन कानकोंडा होऊन डोळा लावायचा आणि म्हणायचा, “बरोबर हाय भाऊ.” भाऊ म्हणायचे, “परत बघ.”

एकदा डबा खाताना मला म्हणाले, “त्या दिवशी लाइट गेली व्हती, बाई. पाऊण तास. काच तशीच पडून ऱ्हायली. अंडी विरघळली असतील. मी कोऱ्या काचंवर नाय म्हणून लिहिलं.”

“असं धरून चालू नका.”

“धरून नाय चालत. मशीन सांगंल. नळी फ्रीजरात हाय तिची.”

मग आठ महिने ते त्या मशीनची वाट बघत राहिले. निकाल आपल्या विरुद्ध जावा म्हणून कुणी एवढी वाट बघताना मी पाहिलं नव्हतं. चूक सापडली असती तर निदान हे दुःख ठेवायला त्यांना जागा झाली असती.

सगळ्या नळ्या लावून झाल्या त्या दिवशी डॉक्टर संस्कृती यादी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. भाऊही आले, रामकिसनही. डॉक्टर म्हणाल्या, काचेवर अंकुशकृमी एकोणीस जणांत दिसला होता, मशीनला एकसष्ट जणांत सापडला. फुलकोबीच्या रानात जाणाऱ्या चौदा बायकांपैकी अकरा जणींत.

भाऊंनी बाकीचं काही ऐकलं नाही. “सत्त्याऐंशी?”

डॉक्टरांचा चेहरा मऊ झाला. चांगली बातमी राखून ठेवली होती त्यांनी. “नाही, काका. मशीनलाही काही नाही मिळालं. तुमची काच बरोबर होती.”

“परत लावा.”

“तीनदा लावली. तुमच्यासाठीच लावली. तुमची काही चूक नव्हती, काका.”

भाऊ स्टुलावर बसले. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या आत गेल्या, त्यांच्यामागं रामकिसन.

“बाई,” भाऊ म्हणाले, “त्या दिवसाचं रजिस्टर काढा.”

मी काढलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं रजिस्टर कधी उघडलं नव्हतं, त्यांचं काम काचेशी. आता बोट लावून ओळ वाचू लागले, काच बघतात तसं, डावीकडून उजवीकडं, कडेपर्यंत. रंगाच्या रकान्यावर बोट थांबलं. पुढं औषधाच्या रकान्यावर गेलं. परत मागं आलं. मग एक ओळ वर गेलं, सम्यकच्या.

“लोहाची गोळी खाणाराचा रंग कसा असतो, बाई?”

“काळपट.”

“अन् तुमी काय लिहिलंय?”

“पिवळा.”

“गोळी तर मी माझ्या हातानं देत व्हतो. समोर गिळत व्हती.” ते हळू बोलत होते, मोजून. “हे तिचं नाय. हे पोराचं हाय. दोन्ही डब्यांत पोराचंच.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

“तुमाला कळलं व्हतं.”

“अंदाज आला होता, भाऊ.”

“मग?”

मग काय सांगायचं होतं? की दर तिसरी सून हेच करते. घरात ज्याची लाज तो डबीला हात लावणार म्हटलं की लेकराचं भरून आणते. त्या सगळ्या डब्या परत केल्या असत्या तर दोनशे चाळीसचे दीडशे राहिले असते, आणि मला भरलेली पानं आवडतात. कोरी ओळ डोळ्यांत खुपते. एका ओळीत दोन रकाने एकमेकांना खोटं ठरवत होते, दोन्ही माझ्या अक्षरात, आणि मी पान उलटलं होतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं, थोड्याफार याच शब्दांत.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तुमी तरी काय,” ते म्हणाले. “ती आधी माझ्याकडंच आली व्हती. मी रिकामी डबी देताना म्हणली, मामा, दुसरं कुणी बघंल का? मी म्हणलं, घरची काच मी दुसऱ्याच्या हातात देत नसतो. छाती काढून म्हणलं.” त्यांनी चष्मा काढला. “सहा वर्षं माझ्या म्होरं जांभई द्यायला लाजली ती पोरगी. अन् मी तिला डबी मागितली.”

मशीन बरोबर होतं. त्यांचा डोळा बरोबर होता. माझं रजिस्टरही बरोबर होतं, दिसलं ते लिहिलं होतं. तिघांचा मेळ बसला होता, आणि तिच्या पोटात काय होतं ते आता कुणाला कळणार नव्हतं.

आमच्याकडं नोंद खोडायची रीत ठरलेली आहे. पांढरा रंग लावायचा नाही, गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, वर खरं ते लिहायचं, सही, तारीख. भाऊंनी माझं पेन घेतलं. नावाला हात लावला नाही. शेऱ्यात मी उतरवलेल्या निकालावर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: नमुना या बाईचा नाही. सही केली. तारीख मला विचारली.

मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेअकराला लावलेल्या काचा आत पडून होत्या आणि बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“चला,” म्हणाले, “अंडी थांबायची नाय.”

आत जाऊन त्यांनी सगळ्या काचा एकट्यानं बघितल्या. रामकिसन सवयीनं शेजारी येऊन उभा राहिला, तर त्याला म्हणाले, “तू तुझं काम कर.” त्या दिवसापासून ते कुणाला काच तपासायला देत नाहीत. सत्त्याऐंशीच्या काचेवर डोळा चुकला नव्हता हे त्यांना आता माहीत आहे.