आखूड दोर

बोट बांधणं म्हणजे गाय खुंटाला बांधणं नव्हे, हे नारू प्रत्येक नव्या खलाशाला ऐकवायचा. अष्टमीला पाणी कमी चढतं, तेव्हा दोर आखूड ठेवायचा, नाहीतर बोट शेजारच्या बोटीवर आदळते. अमावास्या-पुनवेला उधाण, तेव्हा आधीच ढील द्यायची. आमच्या चिंचणीच्या खाडीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि चुकला कोण, तर माझा नवराच.

अष्टमीला झाईहून निरोप आला, त्याचा मामा गेला. नारूने घाईघाईत बोट आखूड बांधली आणि निघाला. दोन दिवसांत येतो म्हणाला, तो दिवसकार्यासाठी तिथेच थांबला.

अमावास्येला दुपारी मी सुकट उलटत होते. धाकल्याकाका, खाडीवरचा म्हातारा तांडेल, धावत आला.

"मालू, तुमची बोट बघ!"

पाणी चढत होतं, पण बोट उठत नव्हती. दोराने तिचं नाक खाली दाबून धरलं होतं. गाठ पाण्याखाली गेलेली, ताणाने आवळलेली, ती काही सुटणार नव्हती. ही बोट गेली तर नारूला उद्यापासून दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी व्हावं लागणार होतं. मी त्याला फोन लावला.

"दोर कापू का?"

"कापू नको! बोट वाहून जाईल. मी निघालोच."

झाईहून इथवर यायला एसटीला दीड-दोन तास. पाणी थोडंच त्याच्यासाठी थांबणार होतं!

मी कोयता घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरले. आमच्याकडे दुसऱ्याच्या दोराला कोणी हात लावत नाही. काठावरून सगळे "काप, काप" ओरडत होते, पुढे मात्र एकही मेला आला नाही. आणि मी? चौदा वर्षांत बोटीच्या बाबतीत नारूचा शब्द मी मोडला नव्हता. मी वाट बघत राहिले.

बोटीच्या नाकावरून पाणी आत शिरलं. इंजिनासकट बोट पाच मिनिटांत खाली गेली. दोर कापला असता तर ती भरतीबरोबर आत जाऊन तिवरांच्या झाडीत अडकली असती, फार तर रंग खरवडला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

नारू आला तेव्हा ओहोटी लागली होती. चिखलात आडव्या पडलेल्या बोटीपाशी जाऊन त्याने तो आखूड दोर हातात घेतला.

"कापला का नाहीस?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"मला तिथून काय दिसत होतं, मालू? समोर तू होतीस."

समोर मीच होते.