गाड्यांची राखण

कोंबड्याचे पाय सुतळीने बांधून कमळाने तो काखेत धरला आणि गाड्यांच्या यार्डच्या गेटातून सरळ आत चालू लागली. गार्ड धावत आडवा आला.

“अम्मा, मुर्गा अंदर नहीं जाएगा.”

“का? त्याचा पास न्हाय म्हणून?”

“गाडी पे बीट करेगा, गाडी गंदी होगी, तो मेरी नौकरी जाएगी.”

“तुझी नोकरी ज्या जमिनीवर उभी हाय ना बाबा, ती माझ्या नवऱ्याची हाय. हो बाजूला.”

गार्डला मराठी किती कळली कोण जाणे, सूर मात्र कळला. त्याने फोन लावला. आतून हितेश आला, कमळाचा एकुलता एक, अंगात कंपनीचं निळं जाकीट. आईच्या काखेतला कोंबडा बघून त्याने कपाळावर हात मारला, पण तिला आत घेतलं.

भात झोडून झालं की शेताच्या राखणदाराला कोंबडा दाखवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, ही कशेळीतल्या त्यांच्या घरची रीत. तिच्या नवऱ्याने मरायच्या आदल्या वर्षी हे शेत नव्या गाड्या उभ्या करायला भाड्याने दिलं. राखणदाराच्या धोंड्याला हात लावायला मात्र जेसीबीवाल्याने नकार दिला. म्हणून धोंडा तसाच राहिला, खडीत गळ्यापर्यंत रुतलेला, आणि भोवती गाड्यांच्या रांगा लागल्या.

आता यार्डला खाडीकडचा तुकडाही हवा होता. भात पिकायचं तेवढं एकच शेत उरलं होतं. सातबाऱ्यावर हितेशच्या जोडीला कमळाचं नाव, त्यामुळे तिच्या सहीवाचून घोडं अडलेलं. मनोज दलाल गावचाच. महिनाभर तो घरी चकरा मारत होता.

“तेजी हाय काकी, तेजी!” तो बोलायचा. “एक गाडी बनली की टायरवाला जगतो, काचवाला जगतो, ट्रकवाला जगतो. निजामपुऱ्यातले माग कुणाच्या जिवावर खडखडतात? सीटच्या कापडाच्या! आठ दिवस गाडी इथं टिकत न्हाय, जागा पुरत न्हाय. देश पुढं चाललाय.”

देश पुढे चालला असेल, पण तो या गेटातून बाहेर पडताना कमळाला तरी दिसला नव्हता. तिने मनोजला चहा दिला, सही दिली नाही. दुसऱ्याची जमीन मागताना ज्याला एवढा आनंद होतो, त्या माणसाच्या हाताकडे बघत राहावं, तोंडाकडे नव्हे, हे ती आयुष्यभर शिकली होती. आणि त्या प्रत्येक वाक्याला हितेश मान डोलवायचा, तेही तिने बघून ठेवलं होतं.

धोंड्यापाशी पोचल्यावर ती थबकली. धोंड्याला चाक लावून एक पांढरी गाडी उभी होती.

“ही गाडी कधीची रे?”

“येतात, जातात आये. पांढऱ्या सगळ्या सारख्याच.”

“सारख्या?” ती वाकली. गेल्या वर्षी अशीच एक गाडी इथे आडवी होती, धोंड्यापर्यंत हात पोचत नव्हता. तेव्हा रागाच्या भरात तिने तेलात कालवलेल्या शेंदराची पाचही बोटं गाडीच्याच बंपरवर ओढली होती, घे, तूच हो देव, म्हणून. शेंदूर आता काळपट झाला होता, बंपरवरच्या प्लास्टिकसकट तडकला होता. पण पाच बोटं होती.

“ही बोटं कुनाची?”

हितेशने बंपरकडे बघितलंच नाही. त्याला बघायची गरज पडली नाही, आणि तेच कमळाच्या डोक्यात गेलं.

“तुला ठाव व्हतं.”

“मलाच ठाव असणार ना. बॅटरी उतरू नये म्हणून दर हप्त्याला मीच सगळ्या चालू करतो. तीच तर ड्युटी हाय माझी.”

“म्हंजे इकली न्हाय.”

“कंपनीपुरती इकली. कारखान्याच्या गेटाबाहेर पडली की त्यांच्या हिशेबात गाडी खपली. पेपरात येतं ना, विक्रमी खप? तो ह्यो.”

“मंग मनोज खोटा बोलतोय.”

“मनोज खोटा हाय. भाडं खरं हाय.” हितेशने आवाज खाली आणला. “आये, तू उलटं बघतेस. गाड्या इकल्या असत्या तर आपली जागा कोन कशाला घेईल? इकत न्हायत म्हणून तर जागा कमी पडते.”

कमळाने रांगांकडे बघितलं. काचांवर धूळ, टायरांशी गवत, आणि एकेका गाडीत कुणीच न बसलेल्या, निजामपुऱ्याच्या कापडाच्या सीटा. एवढी माणसं राबली होती, आणि गाड्या पोचल्या होत्या तिच्या शेतापर्यंतच.

ती खडीवर बसली, कोंबडा धोंड्यासमोर धरला, डोळे मिटले आणि सासूकडून आलेलं गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा राखणदारा, माझ्या शेतात जे उभं हाय, ते घरोघर जाऊ...”

“आये!” हितेशने तिचा दंड धरला. “तेवढं नको मागू.”

तिने डोळे उघडले. तिच्या पोराच्या तोंडावर खरीखुरी भीती होती.

“गाड्या गेल्या तर यार्ड गेलं. मी काय चालू करू मंग? भाडं कुठलं येणार?”

कमळाने त्याचा हात सोडवला. पुन्हा डोळे मिटले. या वेळी नुसते ओठ हलले, आवाज आला नाही. मग तिने कोंबडा काखेत घेतला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

“काय मागितलंस?” हितेशने विचारलं.

“माझं मी मागितलं. तुझं तू माग.”

“आणि सही? मनोज उद्या येतोय.”

“तू काय मागतोस ते आयकू दे आधी. मोठ्यानं माग.”

हितेश हसायला गेला. आई हसत नव्हती. त्याने मागे गेटाकडे बघितलं, जाकिटाची चेन उगाच वर ओढली आणि खडीवर उकिडवा बसून हात जोडले.

“बा राखणदारा,” तो म्हणाला.

कमळा कान देऊन उभी राहिली. पण ‘गाड्या इथंच राहू दे’ एवढं काही त्याला मोठ्यानं म्हणवेना.