दोघांच्या गोळ्या

बायकोच्या तेराव्याचे पाहुणे पांगले आणि घरात रंगारी एकटा उरला.

त्याला आणि त्याच्या बायकोला, दोघांनाही कोलेस्टेरॉलची गोळी होती. नाव एकच, पण तिची जास्त ताकदीची. तिच्या बोटांना पाकिटातून गोळी काढणं जमत नसे, म्हणून रोज सकाळी तोच दोन्ही काढायचा आणि तिची तिच्या तळहातावर ठेवायचा.

"मोठी गोळी माझी," ती म्हणायची. "घरात मोठं कोण, ते डॉक्टरलाही कळतं."

पहिल्या एकट्या सकाळी सवयीने त्याच्या हाताने दोन्ही काढल्या. मग त्याला भान आलं. फाटलेल्या पाकिटात गोळी परत बसेना. मोरीत टाकवेना. त्याने तीही तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी मात्र ती चूक नव्हती. त्याने मुद्दाम दोन्ही काढल्या. तेवढ्याने सकाळ जरा निभावून जायची. औषधच तर आहे, तेही त्याच नावाचं, त्याने काय होतंय, असं त्याला वाटलं.

तिचा धाकटा भाऊ त्याच्याबरोबर कामाला होता. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणत. दोघं तेव्हा एका शाळेची छतं रंगवत होते. काही आठवड्यांनी रंगाऱ्याचे हात खांद्याच्या वर जाईनात. मांड्या कुणीतरी बदडून काढल्यासारख्या ठणकत.

"दाजी, रोलर उचलायला मुहूर्त बघताय का?"

"हात भरून आलेत."

"हात आलेत की मन?"

रंगाऱ्याने रोलर पुन्हा रंगात बुडवला. दुःखाने अंग गळतं, असं सगळेच सांगत होते. त्यालाही ते पटलं होतं.

पण एका दुपारी तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला, तो उठेचना. लंबूने काखेत हात घालून उभं केलं. धरत धरत तो मुतारीकडे जाऊन आला आणि हळूच म्हणाला, "लंब्या, लघवी कोऱ्या चहासारखी कशाने होते रे?"

लंबूने ब्रश तसाच बादलीत टाकला आणि त्याला रिक्षात घातलं.

डॉक्टरबाई दोघा नवराबायकोला वर्षानुवर्षं ओळखत होत्या.

"गोळी चालू आहे ना?"

"आहे."

"एकच?"

रंगारी समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. कोपऱ्यात ओल धरली होती, रंगाचे पोपडे सुटले होते.

"दोन. एक तिची."

लंबू ताडकन उठला. "ताईची? अहो दाजी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"बसा तुम्ही," बाई म्हणाल्या आणि रंगाऱ्याकडे वळल्या. "गोळी चांगलीच आहे, तुम्हाला लागणारही आहे. पण दोन माणसांचं औषध एका माणसाने घेतलंय. त्याने स्नायू झिजले असणार, आणि तो सगळा भार मूत्रपिंडांवर येतो. अंग असं दुखलं, लघवी काळपट झाली, की त्याच दिवशी यायचं असतं. आता रक्त तपासू. आज घरी नाही जायचं, सलाइन लावावं लागेल. आणि गोळ्या बंद."

"दोन्ही?"

"दोन्ही. नाहीतर मूत्रपिंडं जातील."

"तिच्या थोड्याच राहिल्यात," रंगारी म्हणाला. "संपवल्या असत्या मी."

लंबूने रंगाने भरलेल्या बाहीनेच तोंड पुसलं.

संध्याकाळी सलाइन चालू असताना रंगाऱ्याने उशाखालून घराची किल्ली काढून लंबूच्या हातात दिली.

"स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. मी यायच्या आत घेऊन जा. औषधवाल्याला दे. मला सांगू नकोस काय केलंस ते."

"बरं, दाजी."

मूत्रपिंडं वाचली. दुखणं सावकाश उतरलं. रक्त नीट आल्यावर बाईंनी त्याची गोळी आणखी कमी ताकदीने पुन्हा सुरू केली. दुखलं तर मनाने काही करायचं नाही, आधी मला सांगायचं, असं बजावलं. काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं.

तो कामावर परत आला. पहिल्या दिवशी लंबू पोचला, तेव्हा शाळेचं फाटक अजून बंद होतं आणि रंगारी बाहेर पालथ्या डब्यावर बसला होता.

"एवढ्या लवकर, दाजी? शिपाईसुद्धा आला नाही अजून."

"लवकर आवरलं," रंगारी म्हणाला. "एकच तर गोळी होती."

लंबू त्याच्या शेजारी खाली बसला.