पकड सैल झाली तेव्हा

"हाड बाई बोलयीतं, कान लाव गं बोटाला
दुखत्याची खरी हाक न्हाय येत ती ओठाला..."

छबूआत्तीच्या तोंडून ही ओवी राजनंदिनीनं पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती सात वर्षांची होती. कन्हेरीच्या घरात आत्ती भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. पायांवर कुणाचंसं दोन महिन्यांचं बाळ पालथं निजलेलं, शेजारी कोमट तेलाची वाटी. आत्तीनं भाचीचं बोट धरून बाळाच्या खांद्यावर टेकवलं.

"काय म्हणतंय?"

"काय न्हाय म्हणत. झोपलंय."

"आगं येडे, त्याला कुठं इचारलं? तुझ्या बोटाला इचारतीया मी."

बोटाखाली खरंच काहीतरी होतं. ज्वारीच्या दाण्याएवढी अढी. बोट तिथं आपसूक थांबलं आणि बाळानं झोपेतच हुंकार दिला. आत्ती हसली. "कळलं माझ्या बाईला."

छबूआत्ती आसपासच्या गावांतली बाळं-बाळंतिणी चोळायची, मुरगळलेले पाय बसवायची. तिचा एक नेम होता. ज्या दिवशी कुणाशी भांडण व्हायचं, त्या दिवशी ती लेकराला शिवायची नाही. दारात आलेल्या बाईला सरळ सांगायची, "आज हातात राग हाय बाई. उद्या या."

"आवं, त्याल तर तेच हाय न्हवं?" बायका चेष्टा करायच्या.

"त्याल तेच हाय. हात त्योच न्हाय."

राजनंदिनी थोराड अंगाची निघाली आणि ते बोलकं बोट घेऊन बारामतीच्या तालमीत गेली. पहिल्याच आठवड्यात मानसिंग वस्तादांच्या ध्यानात आलं, की समोरची पोरगी कुठल्या पायावर भार टाकणार ते हिला आधी कळतं. "कार्टी डोळं झाकून लढती," ते म्हणायचे. तिनं कुणाला सांगितलं नाही, पण लढताना ती खरंच डोळे मिटायची. अंगाला अंग लागलं की समोरचीचं सगळं तिच्या तळव्यात उतरायचं. दम कुठं संपलाय, भीती कुठं दडलीय, जुनी दुखापत कुठं आहे. दुखऱ्या जागेला तिनं कधी हात घातला नव्हता. घालायची गरजच पडली नव्हती.

माघात लासुर्ण्याच्या यात्रेला पोरींची कुस्ती लागली. समोर वडगाव निंबाळकरची स्वरूपा. तिनं राजनंदिनीला आधी दोनदा पाडलेलं. स्वरूपा पोलीस भरतीची तयारी करत होती. धावणं तिचं वाऱ्यासारखं आणि गोळा तर ती असा फेकायची, की मास्तर फीत धरून मागं सरकायचे. चैत्रात तिचं भरतीचं मैदान होतं.

दुपारचं ऊन तांबड्या मातीवर सांडलेलं. हलगी कडाडली. दोघींनी सलामी दिली, खडाखडी सुरू झाली आणि कपाळाला कपाळ भिडताच स्वरूपा दातांतून बोलली, "काय गं, कुस्ती धरायला आलीयास का बाळंतीण चोळायला? जा घरी, आत्तीला त्यालाची वाटी धर."

पाठोपाठ तिनं राजनंदिनीच्या मानेवर थाप घातली, ती थाप नव्हती, तडाखा होता. कान बधिर झाला. दुसऱ्या झटक्याला तिचं डोकं राजनंदिनीच्या तोंडावर आदळलं. ओठ दातात सापडून फाटला. रक्त हनुवटीवरून मातीत पडलं आणि त्याच मातीत दोघी लोळल्या. स्वरूपानं गुडघा फासळीत रोवला. राजनंदिनीनं केसांसकट मान दाबली. पंचानं दोघींना सोडवलं, समज दिली, पुन्हा लावलं. कडेची माणसं उठून उभी राहिली होती. त्यांना आता डाव बघायचा नव्हता. त्यांना रक्ताची चव लागली होती.

सहाव्या मिनिटाला राजनंदिनीनं हात ओढून स्वरूपाला पोटावर पाडलं, पाठीवर बसली आणि तिचा उजवा हात आपल्या काखेत कोंडला. स्वरूपाचं कोपर बरोबर राजनंदिनीच्या मनगटाच्या हाडावर आलं. आता एवढंच करायचं होतं, स्वरूपाला हळूहळू कलतं करायचं आणि चीत करायचं.

आणि तळव्याला कळलं.

त्या कोपरात ताणाची शेवटची हद्द आली होती. विहिरीवरचा दोर तुटायच्या आधी आतल्या आत थरथरतो, तशी थरथर. वरून काही दिसत नव्हतं. स्वरूपा ओरडली नव्हती. पंच पलीकडच्या अंगाला वाकून तिचे खांदे बघत होता. ते कोपर एकट्या राजनंदिनीशी बोलत होतं. सोड म्हणत होतं.

तिची बोटं आपोआप उघडली. एका श्वासापुरती पकड सैल झाली. खाली स्वरूपाचं अंगही लगेच सैल पडलं, आईच्या हाती लेकरू पडावं तसं. तिनं विरोध सोडला.

कडेवरून कुणीतरी ओरडलं, "आगं, मालिश करतीस काय तिची?"

हशा पिकला. फाटक्या ओठातलं रक्त जिभेवर आलं, खारट, गरम. राजनंदिनीनं पकड पुन्हा आवळली. हाड कुठं बसतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून ते कुठून निघतं हेही ठाऊक होतं. तिनं डोळे उघडले, सगळं अंग त्या एका जागेवर टाकलं आणि पिळा दिला.

उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला.

हलगीवाल्याला कळायच्या आत हलगी आणखी चार ठोके वाजली. मग स्वरूपाची किंकाळी सगळ्यांच्या वर गेली. तिचा हात कोपरापासून भलतीकडेच तोंड करून पडला होता, आणि कातडीखालून काहीतरी टोकदार वर येऊ बघत होतं. ती मातीत टाचा घासत होती. घासून घासून टाचांखाली दोन खड्डे पडले.

बायकांच्या गर्दीतून छबूआत्ती पदर खोचत आत आली. बायामाणसानं आखाड्यात उतरावं का, हे विचारायला कुणी पुढं आलं नाही. तिनं तो हात मांडीवर घेतला, बोटं लावली, आणि दुसऱ्याच क्षणी उचलली. "ह्ये माझ्या हातचं न्हाय. गाडी काढा. हात असाच राहू द्या, कुणी ओढायचा न्हाय." पदराची पट्टी फाडून तिनं हात फळीला बांधला. मग मान वर केली.

"तुला कळलं न्हाय?" तिनं भाचीला विचारलं.

"न्हाय," राजनंदिनी म्हणाली.

तेवढ्यात कुणीतरी तिच्या डोक्यावर गुलाल ओतला.

इंदापूरच्या दवाखान्यात स्वरूपाच्या हातात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. हात वाचला, सरळ मात्र होईना. चैत्रातलं मैदान गेलं. गोळा तर सोडाच, केसाला तेल लावायला हात डोक्यापर्यंत जात नव्हता.

तालमीत सगळे राजनंदिनीची समजूत काढत. "कुस्ती हाय, मंगळागौर न्हाय," मानसिंग वस्ताद म्हणाले. "हात मोडत्यात. माझा दोनदा मोडलाय. तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

"न्हाय वस्ताद. मला कळलंच न्हाय."

हे तिनं वस्तादांना सांगितलं, आईला सांगितलं, मोबाईलवर विचारणाऱ्या मैत्रिणींना सांगितलं. सांगून सांगून ते वाक्य दगडी पायरीसारखं गुळगुळीत झालं. आत्तीनं मात्र पुन्हा विचारलं नाही. फक्त एक झालं. फाल्गुनात एक लेकुरवाळी आली, आत्तीचे हात तेलात होते, म्हणून राजनंदिनीनं सवयीनं बाळ उचललं. आत्तीनं तेलकट हातांनीच ते तिच्याकडून काढून घेतलं.

"राहू दे. मी करते."

"का? मी काय खाणार हाय का त्याला?"

"तसं म्हणले का मी?"

"मग इचार ना काय इचारायचं ते!"

"मी पोलीस हाय का इचारायला?" आत्ती म्हणाली आणि बाळाकडं वळली. राजनंदिनीनं तेलाची वाटी लाथेनं उडवली. वाटी भिंतीवर आदळली, तेलाचा ओघळ खाली आला. बाळ दचकून रडलं. आत्तीनं फडकं घेतलं आणि जमीन पुसली.

इंदापूरची निवड चाचणी आठवड्यावर आली होती. सकाळच्या सरावाला वस्तादांनी तिच्यासमोर राजेश्वरीला उभं केलं. सोळा वर्षांची, चिवट, बडबडी पोरगी. "ताई, जरा दमानं हां, मला दुपारी पेपर हाय," ती हसत म्हणाली.

राजनंदिनीनं डोळे मिटले. मातीचा वास आला, घामाचा आला, पण तळव्यात काहीच उतरलं नाही. राजेश्वरीचं अंग तिच्या हातांत होतं आणि तिथं काही नव्हतं. पोतं धरावं तसं. ती घाबरली. कळावं म्हणून तिनं आणखी घट्ट धरलं. तरी काही नाही. मान काखेत घेतली, आवळली, अजून आवळली. बोल, ती हातांना सांगत होती, बोल की. कुठंतरी दूर कुणी जमीन बडवत होतं. तिनं दात खाऊन आणखी जोर लावला.

बरगडीत लाथ बसली तेव्हा ती कोलमडली. वस्तादांनी लाथ घातली होती. राजेश्वरी मातीत पडली होती, ओठ जांभळे, डोळ्यांतली शीर फुटून पांढऱ्यात रक्त उतरलेलं. वस्ताद तिच्या गालावर मारत होते. तिनं एकदा घशातून घरघर केली, श्वास ओढला आणि ओकली.

वस्तादांनी राजनंदिनीच्या कानाखाली दोन वाजवल्या. "मारून टाकतीस काय तिला? पोरगी मघाधरनं जमीन बडवतीया! कळत न्हाय तुला?"

"न्हाय," ती म्हणाली. "मला कळलं न्हाय."

आणि या वेळी ते खरं होतं.

ती तशीच उठली. अंगावरची माती झटकली नाही, चाचणीचं काही विचारलं नाही. स्कूटी काढली आणि वडगावच्या रस्त्याला लागली. कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरांच्या मागून ती जात होती. तिला एवढंच समजत होतं, की हे आज बोललं नाही तर यापुढं आपल्या हातांखाली कुणाचंही काहीही होईल, आणि आपल्याला दुपारच्या बातमीसारखं ते दुसऱ्याकडून कळेल.

स्वरूपा गोठ्यापुढं बसून म्हशींसाठी उसाची वाढं तोडत होती. डाव्या हातात कोयता. उजवा पोटाशी धरलेला, मिटल्या पंखासारखा. घाव नेमका पडत नव्हता. वाढ्यावर एक, तर खालच्या ओंडक्यावर तीन. ओंडका सगळा चिरफाळला होता.

"काय गं?" तिनं मान वर न करता विचारलं. "राहिलेला मोडायला आलीयास व्हय?"

तिची आई विजयमाला बाहेर आली. "आगं गप. ये बाई, बस. ही मातीत लोळूनच आली जणू! च्या ठेवते." मग आवाज खाली करून राजनंदिनीला म्हणाली, "चार शब्द बोल हिच्याशी. हाताचं सोड, हात नीट हुईल. पर पोर निराळीच झालीया. म्हैस लाथ मारणार का ते हिला लांबनं कळायचं. आता धार काढायला बसत न्हाय. रस्ता वलांडायचा तरी मला इचारती, आई, जाऊ का?"

"आई, च्या ठेव तू," स्वरूपा म्हणाली. आई आत गेली.

कोयता पडत राहिला. खट्. खट्. राजनंदिनी समोर उकिडवी बसली.

"रस्त्याचं खरं हाय?"

"गाडी लांब दिसती. तरी पाय उचलत न्हाय." स्वरूपानं एक वाढं ओढलं. "तुला म्हणून सांगते, हसू नगंस. त्या दिवशी तू हात धरलास तवा मला वाटलं, ही सोडतीया. डोळ्यांनी न्हाय दिसलं, आतनं वाटलं. अगदी खरं वाटलं. वाटलं, हिला कळलंय माझं दुखतंय ते. म्हणून मी हात ढिला सोडला." खट्. "आन तिथंच मोडला. ढिला सोडला नसता तर मोडला नसता, डॉक्टर म्हणलं." खट्. "लहानपणापासनं मी त्या आतल्या वाटण्यावर चालत आले. त्यानंच मला खड्ड्यात घातलं. म्हणलं, जळो ते. आता मी माझं काय ऐकत न्हाय."

कोयता वर गेला होता. उन्हात त्याचं पातं चमकत होतं आणि त्याच्याखाली राजनंदिनीचा गुडघा होता. तिनं तो मागं घेतला नाही. तिनं हात पुढं केला आणि स्वरूपाच्या मिटल्या कोपरावर ठेवला. स्वरूपानं अंग चोरलं, कोयता तसाच वर धरला.

"हात काढ."

"काढते. आधी ऐक. मग त्यो कोयता कुठं घालायचा तिथं घाल."

आत चहा गाळायचा आवाज थांबला. विजयमाला कप घेऊन दारात येऊन थांबली होती.

"तुला चुकीचं न्हाय वाटलं, स्वरूपा. मी सोडला हुता. मला कळलं हुतं की हाड जाणार. तुझ्याआधी, पंचाच्या आधी, माझ्या हाताला कळलं. मी सोडला, तू ढिली झालीस, त्ये बी मला कळलं. आन मग लोकं हसली, म्हणून मी परत धरला. चुकून न्हाय. डोळं उघडं ठिवून, जागा बघून, मी तुझा हात मोडला."