नव्वदीवर बांधलेला काटा

मी एका मालट्रकच्या केबिनमधला काटा बोलतोय. ट्रकच्या मागच्या आसात गिअरचं तेल असतं. ते किती तापलंय, एवढंच सांगायचं माझं काम. नव्वद अंशांपर्यंत निर्धास्त. एकशेवीसच्या पुढे तांबडा पट्टा. तिथे पोचलो की गाडी बाजूला घ्यायची.

मला बसवलं कामणच्या गॅरेजवाल्या आत्मारामने. वायर पार मागच्या आसापर्यंत नेली, तबकडी फडक्याने पुसली आणि ड्रायव्हर श्रीपतला म्हणाला, "बाकी कोणाचं ऐकू नकोस, याचं ऐक."

श्रीपतने ते मनावर घेतलं. माणसं आरशात केस बघतात, मोबाईल बघतात. हा उमेळ्याचा शेतकऱ्याचा मुलगा दर दोन-चार मिनिटांनी माझ्याकडे बघायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग आसातलं तेल अडवणारं सील गळायला लागलं. तेल कमी झालं, मी तांबड्यात गेलो. त्या महिन्यात श्रीपत तीनदा थांबला. गोदामात माल उशिरा पोचला. मालक संग्रामशेठ भडकले. "सील बदला शेठ," श्रीपत म्हणाला. "बदलतो," शेठ म्हणाले.

ट्रक आत्मारामकडे गेला. मला वाटलं, आता सुटलो. पण आत्मारामने सीलला हात लावला नाही. त्याने माझी पाठ उघडली, मागून येणारी वायर तोडली आणि तिथे तांदळाएवढा एक पुर्जा जोडला. गाडी सुरू झाली की मी नव्वदीवर उभा. बर्फ असो की आग, नव्वदीवरच. ज्या हातांनी मला बोलायला शिकवलं, त्यांनीच माझ्या तोंडी खोटं घातलं.

"झालं बघ काम," त्याने श्रीपतला सांगितलं. श्रीपतने माझ्याकडे बघितलं आणि हसला. तो हसला ते मला अजून सोसत नाही.

नवव्या दिवशी, भर दुपारी, लाद्या भरून आम्ही चिंचोटीकडे निघालो होतो. जळका वास आला. श्रीपतने चटकन माझ्याकडे बघितलं. नव्वद. तो पुढे निघाला. उतारावर मागची चाकं जागच्या जागी आवळली. समोर स्कूटरवर दोन बायका. श्रीपतने गाडी मातीच्या ढिगाऱ्यात घातली. बायका वाचल्या. त्याचा पाय केबिनमध्ये चेंगरला.

"काट्याकडे बघत नाही, नुसता हाणतो," शेठ सगळ्यांना सांगत सुटले. इस्पितळात श्रीपत एकच म्हणत राहिला, "नव्वद होता. मी बघितला होता." कोणी मानलं नाही. पुढे पुढे त्याचं त्यालाही खरं वाटेना.

मोडका ट्रक आत्मारामकडे ओढून आणला होता. श्रीपतची बायको जिजा त्याचं सामान न्यायला गॅरेजात आली. आत्माराम तिच्याकडे बघेना. शेवटी त्याने मला उपसून तिच्या हातात दिलं.

"वहिनी, श्रीपत खोटं बोलत नाही. वायर मी तोडली. शेठनी सांगितलं होतं."

जिजाने मला पिशवीत ठेवलं. "मग चला, हे शेठपुढं बोला. चार मानसांत बोला."

"ते नाही जमणार, वहिनी. गॅरेज त्यांच्याच गाड्यांवर चालतं."

"आनि ह्यांचा पाय कोनाच्या गाडीवर चालायचा, भावजी?"

 पान्हा उचलून आत्माराम दुसऱ्या गाडीखाली सरकला.

उमेळ्याच्या घरी श्रीपतने मला उलटं करून तो पुर्जा बघितला. "म्हणजे मी बघितलं होतं," एवढंच म्हणाला, आणि मग लहान मुलासारखा रडला. आत्मारामदादाचं नाव त्याने पुन्हा घेतलं नाही.

आता मी खिडकीत असतो, त्याच्या कुबड्यांशेजारी. जो भेटायला येतो त्याला श्रीपत माझी पाठ दाखवतो. लोक मान हलवतात, चहा पितात, जातात.

तुमच्यापैकी कोणी गाड्या चालवत असेल, चालवून घेत असेल, तर एवढंच मागणं आहे. आमचं ऐकायचं नसेल तर आम्हाला सरळ उपटून टाका. तिथे भोक राहू द्या. भोकाकडे बघून माणूस निदान गाडी हळू तरी चालवेल.