सरळ रेषेतलं अंतर

नऊ तास! कुणी सांगितलं होतं बाबांना मोबाइलमध्ये डोकं घालायला? जन्मभर बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारलेला माणूस. दोन शहरांची नावं टाकली, अंतर आलं, विमानाला लागणारा वेळ आला, की झालं. उठले आणि आईच्या उशाशी जाऊन सांगून मोकळे झाले, "लेक निघाली. नऊ तासांत दारात."

अहो, ते नऊ तास नकाशावर पट्टी ठेवून काढलेले! त्या दोन शहरांमध्ये थेट विमानच नाही, हे मोबाइलने कुठे सांगितलं? लेकीला, म्हणजे ठमीला, आधी भलत्याच दिशेला उडायचं होतं, तिथे सहा तास ताटकळायचं होतं आणि मग दुसरं विमान. सगळं मिळून जवळजवळ एक दिवस. निघताना तिने हे फोनवर सांगितलं, तर बाबा म्हणाले, "मग आता हिला काय सांगू?"

ठमी दातांच्या कवळ्या बनवायची. आईचं जास्त झाल्याचा निरोप आला तेव्हा कुणाचा तरी खालचा जबडा घासत होती. तो पुरता घासला, हात धुतले, मग निघाली. रडू येईल म्हणून रुमाल हाताशी ठेवला होता, पण कसलं काय! आतून सगळं बधिर. एवढंच धरून बसली होती, की आई शुद्धीत असताना तिचा हात हातात घ्यायचा. पण डॉक्टर उद्याचं काही सांगायला तयार नव्हते.

मधल्या विमानतळावर उतरल्या उतरल्या तिने फोन लावला.

"आई कशी आहे?"

"झोपलीय. शांत. नऊ तास झाले तशी सारखी विचारायला लागली, आली का, आली का. किती वेळा नाही म्हणू गं? शेवटी म्हटलं, आली."

"काय?"

"तुझ्या वहिनीला पुढे केलं. हिला कुठे नीट दिसतंय आता? हिने तिचा हात घट्ट धरला. म्हणाली, ठमे, वाळलीस गं."

वहिनी म्हणजे नुसती काडी. ठमीने आपलं जाडजूड मनगट पाहिलं. चिडायला हवं होतं. काहीच होईना.

"वहिनी काय म्हणाली मग?"

"काय म्हणणार बिचारी! म्हणाली, आता नीट जेवेन हं, आई."

ठमीही तेच म्हणाली असती.

"हिने 'बरं झालं, भेट झाली' म्हटलं आणि डोळे मिटले. तेव्हापासून एकदाही विचारलं नाही." बाबांचा आवाज फाटला. "चुकलं का गं माझं?"

"नाही बाबा. बरं केलंत."

दुसऱ्या विमानात शेजारी एक बोलक्या आजी आल्या. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "घरी निघालीस? वाट बघत असतील ना सगळे!"

"नाही," ठमी पट्टा लावत म्हणाली. "मी पोचलेय तिथे."