दगडी थडग्यापाशी

आमच्याकडे गुरं हिवाळ्यात डोंगरावर जातात. बाहेरचे हसतात, हसोत. चुनखडीचा तो उघडा माळ उन्हाळाभर तापतो आणि थंडीत ऊब धरून असतो. खाली नुसता चिखल. यंदाची ही माझ्या भावाची, कोलमनदादाची, शेवटची खेप. त्याचे गुडघे गेलेत. पुढच्या साली गुरं दुसऱ्याच्या हाती.

म्हणून त्याची बायको, डेलियावहिनी, काठी घेऊन निघाली.

"तू कुठे?" दादाने विचारलं.

"तुझ्यामागे. एक गाय जास्त आहे समज."

आम्ही तिघं गुरं हाकत वर निघालो. माळावर उभ्या दगडांवर एक मोठी शिळा टेकलेली आहे, कुठल्याशा जुन्या लोकांचं थडगं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या आवारात जागा नसे. बाप त्यांना तिथे नेऊन पुरत. आईला जागा सांगायची नाही, अशी रीत. रीत कसली, पुरुषांचा पळपुटेपणा. पुष्कळ वर्षांपूर्वी, ऐन हिवाळ्यात वहिनीचा मुलगा जन्मला, तासभर जगला. दादा त्याला लोण्याच्या खोक्यात घालून घेऊन गेला आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. तेव्हापासून भांडी घासताना ती खिडकीतून डोंगराकडेच बघते. ते बघून माझा जीव तुटतो.

आम्ही पोचलो तेव्हा थडग्याभोवती बाळांच्या खुणेचे लहान लहान दगड विखुरले होते.

"यातला कुठला?" वहिनीने विचारलं.

दादाने टोपी काढली. "माहीत नाही."

"कोलमन, आज तरी टाळू नकोस."

"टाळत नाही गं. खूण करायचं भानच नव्हतं. पुढच्या साली आलो तर सगळं सारखंच दिसलं. दरवर्षी शोधतो."

मला त्याचा असा संताप आला की मी तोंड फिरवलं. वहिनी मटकन खाली बसली.

"एवढंसं पोर," ती म्हणाली, "आणि ती थंडी. माझ्या मनातून तेच जात नाही."

"थंडीत नाही ठेवलं त्याला. इथे एक गाय रवंथ करत बसली होती. तिला उठवलं आणि तिच्याच जागी खणलं. माती गरम होती, डेलिया."

तिने तळहात जमिनीवर टेकवला. मग म्हणाली, "कुठली गाय?"

"तांबडी. तू माहेराहून आणलेली."

तेव्हा कुठे वहिनी त्याच्यासमोर रडली.